जाऊ का?

"यात कोणता आकडा दिसतो, भाऊ?"

"आकडा कुठी हाय? ठिपकेच हायेत सारे."

डॉक्टरबाईंनी पान उलटलं. पुन्हा ठिपके. चौथ्या पानानंतर त्यांनी पुस्तक मिटलं.

"हरिदासभाऊ, तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही."

हरिदास खोब्रागडे हसला. बावन्नाव्या वर्षी कुणी असं सांगितलं तर माणूस दुसरं काय करणार? कोरपन्याच्या शाळेची मिनीबस तो एकोणीस वर्षं जिवतीच्या डोंगरातून आणत-नेत होता. आजवर साधा आरसा फुटला नव्हता. प्रवासी गाडीचं लायसन नवं करायचं म्हणजे डॉक्टरचा दाखला लागतो, हेही त्याला पाठ होतं. पण तो दाखला दरवेळी एजंट सरफराज परस्पर आणायचा. या नवीन बाईंनी मात्र ड्रायव्हरलाच समोर आणा म्हणून हट्ट धरला होता.

"मग सिग्नलला कसे थांबता?"

"इकडे सिग्नल कुठी हाय, बाई? चंद्रपुरात वरचा लागला का थांबाचं, खालचा लागला का निंगाचं."

बाईंना हसू आलं. पण फॉर्मवर 'रंग ओळखतो का' यापुढे त्यांनी 'नाही' असंच लिहिलं.

बाहेर आल्यावर सरफराजने मोटरसायकलला किक मारली. "टेन्शन नका घेऊ, भाऊ. दुसऱ्या गावाले एक डॉक्टर हाय. तो मान वर करूनबी पाह्यत नाई. उद्या भरून देते."

हरिदासच्या जिवात जीव आला.

जिवतीच्या वाटेवर त्याने मागून विचारलं, "सरफराज, पळस फुलला का?"

"हे काय इचारता? पुरा डोंगर लाल होऊन राह्यला न!"

हरिदासने पाहिलं. त्याला वाळक्या पानांची झाडं दिसली. दर मार्चला पोरं खिडकीतून 'पळस, पळस' ओरडायची आणि तोही मान डोलवायचा. त्याला फार वाईट वाटलं.

घाटात अर्धा रस्ता खोदलेला होता. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायला रस्त्याच्या कामावरचा बुधू झेंडी घेऊन उभा होता. हरिदास सवयीने मागूनच ओरडला, "जाऊ का?"

बुधू हसला. "हिरवी दाखवून राह्यलो न, भाऊ! बाकीचे सीधे घुसतेत. तुमीच एक इचारता. लय सज्जन माणूस."

सज्जनपणा कसला! झेंडीचा रंग कळत नव्हता म्हणून विचारत होता, हे त्याचं त्यालाच आज उमगलं. आणि मग त्याला परवाची दुपार आठवली. बुधू जेवायला गेला होता, झेंडी दगडात खोवलेली होती. विचारायला कुणी नव्हतं. गाडीत बावीस पोरं होती आणि हरिदास अंदाजाने पुढे निघाला होता.

"बुधू, परवा जेवाले गेलता तवा दगडात कोणती लावली होती?"

"लालच. वरून टिप्पर सुटले होते न. काऊन?"

त्या दिवशी खोदलेला रस्ता पार होतो न होतो तोच समोरून टिप्पर घरघरत उतरले होते. ते त्याच अर्ध्या रस्त्यात शिरताना त्याने आरशात पाहिलेही होते.

मोटरसायकल पुढे निघाल्यावर तो म्हणाला, "सरफराज, त्या डॉक्टरले सांगू नको."

"भाऊ, नोकरी जाईन."

"जाईन."

सोमवारी सकाळी नवीन ड्रायव्हर लोकेश आला. हरिदासने समोरची काच नेहमीसारखी पुसली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. क्लच थोडा वर लागतो, सोमारी नावाची पोरगी शेवटच्या घरून पळत येते, तिच्यासाठी थांबायचं, हे सांगितलं.

"अन् घाटात बुधूले इचारूनच जाजो."

"काऊन? झेंडी दिसते न."

"दिसते," हरिदास म्हणाला. "तरी इचारजो."

आणि तो पायरीवरून खाली उतरला.