पाठीवरचा पंजा

"कुणी शिवायचं न्हाय हिला! रंग ओला हाय!" मी सगळ्यांवर खेकसत होते. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या दिव्यांत स्नायू उठून दिसावेत म्हणून दीक्षाच्या अंगाला मी टॅनिंगचा तपकिरी रंग स्पंजनं लावला होता. तिचं नाव पुकारलं, तेवढ्यात तिचे वडील भाऊसो आत घुसले. जुने पैलवान. पोरगी बिकिनीत स्टेजवर जाणार म्हणून महिनाभर तिच्याशी बोललेले नव्हते. कुस्तीआधी वस्ताद पोरांना देतात तशी सणसणीत थाप त्यांनी तिच्या पाठीवर दिली. रंग उडाला, पाच बोटं उमटली.

"काका, वाटोळं केलंसा की!" मी स्पंज उचलला.

"पुसलंस तर बघ," दीक्षा म्हणाली, आणि स्टेजवर गेल्यागेल्या तिनं आधी पाठच दाखवली.