लेलँडच्या टेबलावरचा आडोसा

मित्रांनो, मला पाठ नाही. मी जुना आहे, पुठ्ठ्याचा आहे, माझ्या दोन घड्या आता चिकटपट्टीवर तग धरून आहेत. पण पाठ मला पहिल्यापासूनच नव्हती. दोन्ही बाजूंना मला तोंडच आहे. एक तोंड खेळणाऱ्यांकडे, दुसरं खेळवणाऱ्याकडे. त्यामुळे टेबलावर जे काही घडतं ते सगळं मला दिसतं, आणि बोलता मात्र काहीच येत नाही. आज बोलून घेतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या डुलुथचा, मोठ्या सरोवराच्या काठचा. लेलँडच्या आईकडे नवा फ्रीज आला, त्याच्या खोक्यातून मला कापून काढलं ते मारिटनं, लेलँडच्या थोरल्या बहिणीनं. हातात पाव कापायची सुरी, आणि लेलँड शेजारी उभा राहून “वाकडं जातंय, वाकडं जातंय” असं ओरडत होता. “मग तू काप,” म्हणून तिनं सुरी पुढे केली तेव्हा तो मागे सरकला. माझ्या बाहेरच्या अंगावर तिनं घराच्या उरलेल्या रंगानं सरोवर काढलं, बंदराचा उचलपूल काढला आणि पुलावर तीन सुपरहिरो उभे केले. त्यातल्या एकीचे पाय जरा आखूड झाले. लेलँड अजून त्यावरून चिडवतो.

आतल्या अंगाला लेलँडनं तक्ते चिकटवले. किती ताकदीचा माणूस केवढा ट्रक किती लांब फेकेल, कुठली भिंत कितव्या गुद्द्याला फुटेल, असलं सगळं. शाळेत गणितात काठावर पास झालेला हा मुलगा, पण ट्रक फेकण्याचा हिशेब त्याला तोंडपाठ होता.

खेळ तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. यात पट नाही, सोंगट्याही नावालाच. चौघं टेबलाभोवती बसतात. तिघं आपापल्या सुपरहिरोच्या तोंडून बोलतात, आणि चौथा, म्हणजे सूत्रधार, उरलेलं सगळं जग चालवतो: खलनायक, पोलीस, वारा, शेजारच्या बाईचं कुत्रं. एखादी गोष्ट जमेल की फसेल असा प्रश्न आला की वीस पैलूंचा फासा टाकायचा. खेळणारे आपला फासा उघड्यावर टाकतात. सूत्रधार टाकतो माझ्या आड, आणि किती पडले ते सांगतो. तो सांगेल ते खरं मानायचं, एवढ्यावर सगळा डोलारा उभा असतो.

लेलँड आमचा सूत्रधार. मारिटची सुपरहिरो होती भोंगा: धुक्यात वाट चुकलेल्या बोटींना आवाज देणारी, आणि चिडली तर त्याच आवाजानं पोलादी पत्रा फाडणारी. टोबिन टपाल वाटायचा; त्याचा गोठवण्या जिथे तिथे बर्फ करून स्वतःच घसरून पडायचा. क्लारिस शाळेत शिकवायची, तिची चुंबकी शिस्तीची होती आणि क्लारिस त्याहून. नियमाचं पान उघडल्याशिवाय तिला कॉफी जात नसे. दर रविवारी चर्च आटोपलं की ही मंडळी जमायची. बटाट्याचे गोळे रचून भाजलेली हॉटडिश ओव्हनमध्ये, आणि टेबलाच्या मधोमध मी. वर्षानुवर्षं त्या चौघांनी आपलंच गाव वाचवलं. नवीन कोणी आलं की मारिट मला उचलून दाखवायची, “हा आमच्यातला सगळ्यात म्हातारा,” आणि मला माझ्या पुठ्ठ्याचाही अभिमान वाटायचा.

मग मारिटचं हृदय बिघडलं.

छाती उघडून दुरुस्ती झाली, ती परत आली, बारीक झालेली. लेलँडनं तिची नेहमीची लाकडी खुर्ची काढून घेतली आणि तिला हीटरजवळच्या गादीच्या खुर्चीत बसवलं. पायावर शाल घातली. “मी काय आजीबाई आहे का रे?” ती म्हणाली. पण बसली. त्याच रविवारी प्रोफेसर गाळ नावाच्या खलनायकानं भोंगावर घाव घातला. लेलँडनं माझ्या आड फासा टाकला. एकोणीस पडले. अकरा पडले असते तरी घाव बसलाच असता.

“चुकला!” लेलँड म्हणाला. “तुझ्या कानाजवळून गेला.”

मी दचकलो. इतक्या वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यानं तेच केलं, आणि त्याच्या पुढच्याही. टोबिनच्या गोठवण्याला हाणताना त्याचा हात कचरत नसे. फासा भोंगासाठी असला की आकडा पाहण्याआधीच त्याचे ओठ “चुकला” म्हणायला तयार असायचे. त्याचा चेहरा मला दिसायचा, मित्रांनो. तो फसवणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता. भ्यालेल्या भावाचा होता.

पण एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही. त्याच्या पाठीमागे आईचं चिनी मातीच्या बशांचं कपाट होतं, काचेच्या दारांचं. मारिटच्या जुन्या खुर्चीतून त्या काचेत नुसता दिवा दिसायचा. हीटरजवळच्या, मायेनं दिलेल्या त्या खुर्चीतून मात्र माझ्या आडचं अख्खं टेबल दिसत होतं. आणि डोळे अधू झाले म्हणून लेलँडनं फासा घेतला होता लिंबाएवढा.

मारिटची नजर काचेकडे गेली तो क्षण मी पाहिला. तिनं कप उचलला, रिकामाच होता, तरी प्यायल्यासारखं केलं.

त्यानंतर टेबलावर जे सुरू झालं त्यानं माझ्या घड्या ताठ व्हायच्या. भोंगा एकाएकी वेड्यासारखी धाडसं करू लागली. जळत्या गोदामात एकटी शिरली. गाळाच्या टोळीसमोर हात बांधून उभी राहिली. “मारिट, मागे हो ना! मी आहे की,” टोबिन कळवळून सांगायचा. क्लारिस पान उलटून म्हणायची, “असं उभं राहिलं तर बचावाचे गुण अर्धे होतात, सांगून ठेवते.” मारिट म्हणायची, “होऊ देत.” आणि फासा पडला की ती लेलँडकडे बघतच नसे. काचेकडे बघायची. सतरा पडायचे, लेलँड म्हणायचा, “चुकला.” बारा पडायचे, “थोडक्यात चुकला.” ती भावाची परीक्षा घेत होती, आणि तो दर रविवारी नापास होत होता. त्याला पत्ताच नव्हता. मी मध्ये उभा. ओरडावंसं वाटायचं, पण पुठ्ठा कसा ओरडणार?

हिवाळा भरात असताना डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा उघडावं लागेल, आणि या वेळी खात्री कमी. मंगळवारी तिला नेणार होते. त्याआधीच्या रविवारी टोबिन आणि क्लारिस लवकर आले.

“आज तिला जिंकू द्यायचं,” लेलँड हळूच म्हणाला. “काय वाटेल ते होऊ दे. गाळ हरणार, भोंगा त्याला सरोवरात बुडवणार. जाताना तिच्या मनात तेवढं असू दे.”

“जाताना म्हणजे काय रे?” टोबिन चिडला. “दवाखान्यात जाताना म्हण.”

“तेच म्हणतोय मी.”

क्लारिसनं नियमांचं पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. मला तेवढ्यावरूनच कळलं की आज काही खरं नाही.

मारिट आली, शाल तिनं बाजूला फेकली, आणि खेळ पुलावर पोचला. गाळानं उचलपुलाचे साखळदंड तोडलेले, वर शाळेची बस अडकलेली, आणि भोंगा खाली उभी राहून नुसत्या आवाजावर अख्खा पूल तोलून धरतेय. पूल तोलण्यातच तिची सगळी ताकद चालली होती. आता एक घाव बसला तर भोंगा संपली. सगळ्यांना ते माहीत होतं.

“पूल सोड आणि बाजूला हो,” क्लारिस म्हणाली. “बस मी लोहचुंबकानं ओढते.”

“तुला दोन फेऱ्या लागतील. मला माहितेय.” मारिट पुढे वाकली. “मी हलत नाही. बस जाईपर्यंत इथंच उभी. लेलँड, गाळाला मारू दे.”

लेलँडनं फासा टाकला. तो माझ्या आत घरंगळला आणि थांबला. अठरा.

“सात,” लेलँड म्हणाला. “सुटलीस!”

“किती?”

“सात गं. ऐकू येत नाही का?”

“ऐकू येतं. दिसतंही.” मारिटनं बोट वर केलं. “तुझ्यामागच्या काचेत अठरा दिसतायत. उलटे आहेत, पण अठराच आहेत.”

लेलँडनं मान वळवून कपाटाकडे पाहिलं, मग हीटरजवळच्या त्या खुर्चीकडे, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“तू शाल घातलीस त्या दिवसापासून.” आता ती काचेकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. “डॉक्टर माझ्याशी गोड बोलतात. शेजारीण गोड बोलते. तू मला जिना चढू देत नाहीस, दुधाची पिशवी उचलू देत नाहीस. जगात हे एकच टेबल होतं जिथं मला कोणी तरी दणकून मारायचं, आणि मी उठून उभी राहायचे. तेवढ्यासाठी मी रविवारची वाट बघायचे रे. तेही काढून घेतलंस?”

“मारिट, परवा तुला आत नेणार आहेत. मी माझ्या हातानं तुला...”

“तुझ्या हातानं नाही. फाशानं. आडोसा पाड.”

टोबिन म्हणाला, “आज राहू दे ना, बाई. पुढच्या वेळी बघू.”

“नाही,” क्लारिस म्हणाली. तिनं पिशवी ओढली आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. “मघाशी मी चूक केली. आज नियमच पाहिजे. हा फासा बाद. लेलँड, उघड्यावर टाक.”

मला त्यानं दोन्ही हातांनी धरलं. मग मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी खेळ चालू असताना आडवा झालो. माझं आतलं अंग वर, सगळे तक्ते उघडे, लपवायला काही उरलं नाही. चार चेहरे माझ्यावर वाकले. अकराच्या खाली पडले तर भोंगा वाचली, अकरा किंवा वर पडले तर गेली.

फासा माझ्यावरून धावला. माझ्या घडीवर उडाला, टोबिनच्या कपाला जाऊन टेकला आणि तिथंच तिरपा राहिला. वरच्या अंगाला चार दिसत होते.

“चार!” लेलँड जवळजवळ रडत ओरडला. “चार आहेत, सगळ्यांनी बघा! सुटली!”

टोबिननं टेबलावर मूठ आपटायला हात उचलला, पण मारिटनं त्याचं मनगट धरलं.

“कपाला अडलाय,” ती म्हणाली. “अडलेला फासा धरत नाहीत. क्लारिस?”

क्लारिसनं पुस्तक उघडलं नाही. तिला पान पाठ होतं. ती मारिटकडे बघून म्हणाली, “धरत नाहीत.”

“कप उचल, टोबिन. लेलँड, पुन्हा.”

या वेळी फासा कशाला अडला नाही. माझ्या मधोमध, ट्रक फेकायच्या तक्त्यावर, तो सपाट बसला. चौदा.

मला वाटलं आता काही तरी फुटेल. लेलँडनं तोंड हातांत लपवलं. त्या आमच्या खेळात रीत अशी, की हिरो मेला तर त्याचा शेवट सूत्रधारानं सांगायचा नाही, ज्याचा हिरो त्यानं सांगायचा. मारिट मागे टेकली आणि तिनं सांगितला. बसचं शेवटचं चाक पुलावरून उतरलं, तिथवर भोंगाचा आवाज पुरला. मग तो बारीक होत गेला, आणि पूल आणि ती दोघंही पाण्यात गेली. बसमधल्या एका पोरीनं मागच्या काचेतून ते पाहिलं. एवढंच.

टोबिन उघड उघड रडत होता. मारिटच्या गालांवर मात्र कित्येक महिन्यांत पहिल्यांदा रंग होता.

“आई गं, काय मारलंय मला!” ती म्हणाली. “हॉटडिश कुठंय? मरणाची भूक लागलीय. आणि मला एक कोरा कागद द्या. नवीन हिरो बनवते. कोण ते आत्ता सांगणार नाही.”

मंगळवार आला आणि गेला. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी टेबलावर तसाच आडवा पडून होतो आणि फासा माझ्यावर तसाच, चौदा दाखवत. लेलँडला तो उचलवत नव्हता. तो रोज स्वयंपाकघरात जाता-येता फोन कानाला लावून असायचा, आणि माझ्यावर धूळ बसत होती. माझ्या रंगवलेल्या अंगाला टेबलाची ओल लागून पूल फिकट झाला. पडून राहण्याचं मला काही वाटलं नाही, मित्रांनो. पण कोणी काही सांगत नव्हतं, त्यानं जीव खाल्ला माझा. म्हणून तुम्हाला एक विनवणी करतो. माझ्यासारखे आडोसे घरोघरी असतात. ते गमतीसाठी उभे करा, धाकधुकीसाठी करा. ज्याचा जीव तोळामासा झालाय त्याच्यापुढे मात्र मायेपोटीसुद्धा उभे करू नका. त्याला त्याचा फासा बघू द्या.

सरोवरावरचा बर्फ फुटला त्या सुमाराच्या एका रविवारी दार वाजलं. पावलं हळू होती, दर दोन पावलांनी थांबणारी. मारिट आत आली, मागोमाग टोबिन आणि क्लारिस. हीटरजवळच्या खुर्चीला तिनं पायानं बाजूला ढकललं आणि जुनी लाकडी खुर्ची स्वतः ओढत आणली. लेलँड उठायला गेला आणि मग, मोठ्या मुश्किलीनं, बसून राहिला.

मारिटनं फासा उचलून भावाच्या हातात दिला. माझ्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि मला उभं केलं.

“आडोसा कशाला आता?” लेलँड म्हणाला. “मी उघड्यावरच टाकतो.”

“नको. मजा जाते.” तिनं घडी घातलेला कागद खिशातून काढला. “तू सांगशील ते मी खरं मानीन. चल, कोण मारतंय मला?”

फासा पडला. लाकडी खुर्चीतून काच दिसत नव्हती. टोबिनला दिसत नव्हतं, क्लारिसलाही नाही. लेलँडनं आकडा पाहिला आणि बहिणीकडे सरळ बघत म्हणाला, “सोळा. चांगलाच लागला.”

मित्रांनो, आत त्याच्याशिवाय मी एकटाच होतो. सोळाच होते.