गळती थांबल्यावर

घरची कुत्री टिकली पहिल्यांदा माजावर आली तेव्हा घरात तिला सांभाळायला दोघेच होते, मधुकरराव आणि अनुराधाबाई. बँकेच्या बदलीमुळे कोलकात्यात आलेला त्यांचा मुलगा ओंकार बायको-मुलीला घेऊन लग्नासाठी नाशिकला गेला होता, तो तीन आठवड्यांनी परतणार होता. माज आता केव्हाही येईल, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. म्हणून निघताना अकरा वर्षांच्या वैदेहीने आजोबांकडून वचन घेतले. "तिला पिल्लं नाही झाली पाहिजेत हं. ती स्वतःच पिल्लू आहे."

आठ महिन्यांची टिकली दुसऱ्याच दिवशी फरशीवर थेंब सांडत फिरू लागली.

"एकवीस दिवस दार उघडं टाकू नका, तिला बाहेर नेऊ नका," डॉक्टर फोनवर म्हणाले. मधुकररावांनी आकडा लिहून घेतला. पॉलिटेक्निकमधून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्यांनी चौतीस वर्षे पाण्याचे पंप सांभाळले होते. त्यांनी पट्टी घेऊन तक्ता आखला. त्यात पाच रकाने होते: तारीख, थेंब, रंग, सूज, भूक. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता ते पांढऱ्या फडक्याने टिकलीला टिपत आणि नोंद करत.

टिकली निमूट होती, ताप होता तो बाहेरच्यांचा. बागबाजारची ती अरुंद गल्ली जणू सगळ्या भटक्या कुत्र्यांना पाठ झाली होती. दारापुढच्या ओट्यावर तिसऱ्या दिवशी दोन कुत्रे होते, सहाव्या दिवशी सात. त्यांचा म्होरक्या म्हणजे फाटक्या कानाचा लालटू. अख्खी गल्ली त्याला माशांचे काटे घालून पोसत असे. मधुकररावांनी फिनाईल शिंपडले, व्हिनेगर ओतले, काठी आपटली. कुत्रे चार पावले सरकत आणि काठी आत गेली की पुन्हा जागेवर येऊन बसत.

समोरचे घोषबाबू खिडकीतून ओरडले, "मोशाई, दारात सात जावई, आणि मिठाईचा पत्ता नाही!"

"हसताय काय? हाकला त्यांना."

"छे छे! जावयाला कोण हाकलतं?"

नवव्या दिवशी फडक्यावरचा लाल रंग फिकट गुलाबी झाला. अकराव्या दिवशी दोन्ही वेळा फडके कोरडे निघाले. मधुकररावांनी लाल शाईने लिहिले, 'गळती बंद', आणि खाली रेघ ओढली. चौतीस वर्षे या दोन शब्दांनंतर यंत्र सुरू करायचे, हाच नियम होता.

अनुराधाबाई पोळी लाटता लाटता थांबल्या. "अहो, माझं काही चित्त नाही थाऱ्यावर. इतके दिवस कुणी मागून गेलं तरी गुरगुरत होती. काल पाठीवर हात ठेवला तर शेपूट बाजूला घेऊन उभीच राहिली."

"शेपटीचा रकाना नाही तक्त्यात."

"मग आखा."

"अगं, एकवीस ही सरासरी असते. हिचं अकरात आटोपलं."

"आणि ओट्यावरच्यांना? त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही."

अकरा दिवस कोंडलेल्या जिवाला निदान कोपऱ्यापर्यंत फिरवून आणावे, एवढेच मधुकररावांच्या मनात होते. बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात काठी धरून दार उघडले.

कुत्र्यांनी अदबीने वाट दिली. टिकली मात्र तीन पावलांवर थबकली आणि तिने शेपूट बाजूला घेतले. काठी वर उठेपर्यंत लालटूचे काम झाले होते. मधुकररावांनी साखळीला हिसका दिला, तर दोघे एकमेकांकडे पाठ करून अडकलेले.

"ओढू नका! जखम होईल तिला!" अनुराधाबाई आतून ओरडल्या.

म्हणून ते उभे राहिले. शाळेच्या मुली खिदळत गेल्या, मासेवाला टोपली उतरवून थांबला. घोषबाबू पाण्याची बादली घेऊन धावत आले, पण मधुकररावांचा चेहरा पाहून त्यांनी ती खाली ठेवली आणि आज जावई हा शब्दही काढला नाही. घड्याळात बावीस मिनिटे गेली. ती मोजण्याखेरीज मधुकररावांच्या हातात काहीच नव्हते.

"रक्त थांबतं तेव्हाच तर खरे धोक्याचे दिवस सुरू होतात," डॉक्टर फोनवर म्हणाले.

"हे तुम्ही सांगायला हवं होतं!"

"दार उघडू नका, हे सांगितलं होतं ना? आता तीन-चार आठवड्यांनी शस्त्रक्रिया करू. पिल्लं होणार नाहीत, पण जोखीम थोडी वाढली. तोवर तरी जपा."

संध्याकाळी वैदेहीचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, तक्ता दाखवा."

मधुकररावांनी कागद फोनपुढे धरला. बाराव्या दिवसाच्या ओळीत पाचही रकाने ओलांडून एकच वाक्य होते. वैदेहीने ते अडखळत वाचले. "दार... मी... उघडले." मग तिने पडद्याजवळ तोंड आणले. "आजीनं तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तुम्ही प्रॉमिस केलं होतं, आजोबा." वैदेही म्हणाली. "आता टिकलीला आजी बघेल. तुम्ही नुसतं लिहा."

फोन बंद झाल्यावर मधुकररावांनी पट्टी घेतली आणि समासात सहावा रकाना आखला. टिकली दाराशी नाक लावून बसली होती. पलीकडून लालटूची नखे लाकडावर वाजत होती.

"हं, सांग," ते न बघताच म्हणाले. "शेपूट कसं आहे?"

"आधी उठा," अनुराधाबाई म्हणाल्या, "आणि कडी घातलीत का ते बघा."