मोतीबाईचा फोटो आणि तिचा अर्ज

मी एक जुना सागवानी बाक आहे. मित्रांनो, खालापूरजवळच्या एका कॅथलिक विद्यापीठात मी पंचवीस वर्षं काढली. आधी चॅपलमध्ये होतो. लोक माझ्यावर बसून प्रार्थना करत. मग विधी महाविद्यालय निघालं आणि फादर रेमंड तुस्कानो यांनी मला मोफत कायदा सल्ला केंद्रात आणून ठेवलं.

"कलमं पुस्तकात मिळतील," ते मुलांना म्हणाले, "पण ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याच्या शेजारी बसायला इथे शिका. ते जमलं नाही, तर दारावर क्रूस कशाला लावायचा?"

मुलं खरंच शेजारी बसत. मला माझा अभिमान वाटे.

फादर निवृत्त होऊन वसईला गेले. देवेश सर संचालक झाले. केंद्राला काचेचं दार आलं, आणि मी बाहेर व्हरांड्यात गेलो.

मागच्या पावसाळ्यानंतर कळंबकडची मोतीबाई आली. तिच्या भातशेतातून एक रिसॉर्ट रस्ता काढत होतं. संमतीच्या कागदावर तिच्या नवऱ्याचा अंगठा होता.

"त्याला मरून पाच वरसं झाली," ती म्हणाली. "मंग अंगठा कोनी लावला गं?"

शेजारी शेवटच्या वर्षाची नाझिया बसली होती. तिने सगळं लिहून घेतलं आणि हरकतीचा अर्ज तयार केला. हरकत नोंदवायला चारच दिवस उरले होते.

तेवढ्यात देवेश सर फोटोवाल्याला घेऊन आले. "आजी, जरा इकडे बघा. हात जोडा." माहितीपुस्तकासाठी मोतीबाईचे सहा फोटो निघाले. मग सरांनी अर्जावर रिसॉर्टचं नाव वाचलं. विद्यापीठाची 'न्याय आणि करुणा' परिषद त्याच रिसॉर्टमध्ये भरणार होती.

"हे राहू दे," ते नाझियाला म्हणाले. "आपलं काम शिकवायचं, भांडणं लावायचं नाही. त्यांना गोड बोलून परत पाठव."

अर्ज खणात गेला. मोतीबाई मात्र हात जोडूनच बसली होती. फोटो संपले, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मित्रांनो, माझ्यावर पान थुंकलेलं मी सोसलंय. पण त्या दिवसासारखी शिसारी मला कधी आली नाही.

तीन दिवस नाझिया माझ्याकडे फिरकली नाही. मला तिचाही राग आला. चौथ्या, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती मोतीबाईला घेऊन आली, माझ्यावर बसली आणि नवा अर्ज स्वतःच्या हाताने लिहू लागली. देवेश सर दारात आले.

"तुझ्या इथल्या कामाच्या प्रमाणपत्रावर माझी सही लागते, लक्षात आहे ना?"

"आहे सर," ती म्हणाली. "चला मावशी, रिक्षा थांबलीय."

कर्जतच्या तहसील कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि तो अंगठा शेजारी ठेवले गेले. रस्त्याचं काम थांबलं. हे मला नाझियानेच येऊन सांगितलं. तिला प्रमाणपत्र मिळालं नाही.

माहितीपुस्तक निघालं. पहिल्या पानावर मोतीबाई हात जोडून, खाली ठळक अक्षरं: 'आम्ही लढलो'. देवेश सरांना सत्काराची शाल मिळाली. मला जनरेटरच्या शेडमागे टाकलं. तिथे डिझेलचा वास येतो; व्हरांड्यात रचलेल्या त्या माहितीपुस्तकांच्या नव्या शाईच्या वासापेक्षा तो बरा.

मित्रांनो, मला पॉलिश करू नका, चॅपलमध्येही नेऊ नका. तुमच्यापैकी कोणी वकील झालं, तर आलेल्या माणसाला आधी बसायला सांगा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत फोन खिशात ठेवा.