चारशे बारा जणांची हजेरी

सरकारी नोकरीत माणूस निवांत असतो म्हणणाऱ्याने अमेरिकेतल्या सव्हाना बंदराच्या कस्टम्स कचेरीत त्या आठवड्यात वर्लीन मंगिनला पाहायला हवं होतं. बसली की उठायची, उठली की खिडकीशी जायची. खिडकीतून दिसायचं काय, तर एकावर एक रचलेले कंटेनर. त्यातल्याच एका निळ्या कंटेनरने तिची झोप उडवली होती.

त्यात सुती कपडे होते. माणसं डांबून, सक्तीने राबवून केलेला माल या देशात आणायला बंदी आहे. संशय आला की माल अडवायचा, आणि तो स्वच्छ आहे हे आणणाऱ्याने कागद दाखवून सिद्ध करायचं. वर्लीनने बावीस वर्षांत असे पुष्कळ कंटेनर अडवले होते. पण या निळ्या कंटेनरात न्यू गिलियड चर्चच्या गायनमंडळाचे बत्तीस झगे होते, आणि मंडळाची प्रमुख होती वर्लीनची आई, ओडेसा मंगिन, वय एकोणऐंशी.

वर्लीनने पहिल्याच दिवशी हॉलिससाहेबांना हे सांगून टाकलं होतं. साहेब हसले होते. "या गावात येणारी प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी मावशीची असतेच. सही मी करीन. पण वाचायचं तूच, तुझ्याइतकं बारीक इथे कुणी वाचत नाही." म्हणजे सही त्यांची आणि जीव हिचा.

रविवारी चर्चला दीडशे वर्षं पुरी होणार होती. दोन वर्षं दर शुक्रवारी चर्चच्या अंगणात मासे तळून आणि तांबडा भात विकून बायकांनी ते झगे मागवले होते. ओडेसाच्या कमरेने तर पुढच्या वर्षाची हमी देणं केव्हाच सोडलं होतं. "उभं राहून गायचं हे शेवटचंच," असं ती भेटेल त्याला सांगत होती.

कागद आले ते अकराशे पानं. कापूस कुठल्या शेतातला, सूत कुठल्या गिरणीतलं, शिवण कुठल्या कारखान्यातली, पगाराच्या सह्या, सगळं जिथल्या तिथे. नाव ठेवायला जागा नव्हती. तरीही वर्लीनला काहीतरी खुपत होतं आणि काय खुपतंय ते सापडत नव्हतं. चपलेतल्या खड्यासारखं, झटकावं तर पडत नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती आईला आणायला चर्चमध्ये गेली. सराव चालू होता, म्हणजे हजेरी चालू होती.

"आल्या सरकारबाई!" चर्चचे सेवेकरी डीकन ग्रेसन म्हणाले. "आज काय अडवणार, आमचा सूर?"

"तुमचा सूर केव्हाच अडकलाय, डीकन. मी काय अडवू?"

"ग्रेसन," ओडेसाने वहीतून मान वर न करता विचारलं, "मागचे दोन गुरुवार कुठे होतास?"

"मासे लागले होते, मिस ओडेसा."

"देवापेक्षा मासे मोठे! आणि डॉटी कुठाय?"

"गुडघा," मागून कुणीतरी म्हणालं.

"तिचा गुडघा फक्त गुरुवारी दुखतो." ओडेसाने लाल पेन्सिलीने फुली मारली. बत्तिसातले एकोणीस हजर होते. पूर्ण हजेरी या मंडळाने पाहिलीच असेल तर एकदा, आणि त्या दिवशी जेवण असणार.

गाडीत आईने सरळच विचारलं, "झगे सोडतेस ना?"

"कागद चांगले आहेत, आई. उद्या संध्याकाळपर्यंत सुटतील."

"मग तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?"

वर्लीनने नजर रस्त्यावर ठेवली. जीभ सैल सुटली होती आणि शब्द देऊन बसली होती, हे तिला तेव्हाच कळलं.

शुक्रवारी सकाळी तिने कागद पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतले, आणि कारखान्याच्या हजेरीपटाशी थांबली. हेच पान तिने मंगळवारी 'ठीक' म्हणून पुढे ढकललं होतं. चारशे बारा नावं, अकरा महिने, प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण. फुली एकही नाही. कुणाला ताप नाही, कुणाच्या घरी लग्न नाही, बाळंतपण नाही, मयत नाही. गुडघा नाही. मासे नाहीत. ती उठली, खिडकीशी गेली, परत येऊन प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत राहिली. बोट कुठेच अडलं नाही.

तेवढ्यात माल मागवणाऱ्यांचा दलाल प्रुइट याचा फोन आला. "मॅडम, अजून काही हवंय का?"

"तुमच्या कारखान्यात अकरा महिन्यांत एकानेही दांडी मारली नाही?"

"नाही ना!" प्रुइटचा आवाज अभिमानाने फुलला. "तुमच्या कचेरीला नसतं खुसपट काढायची सवय. मीच त्यांना बजावलं होतं, हजेरी चोख पाठवा, एक जागा रिकामी दिसता कामा नये."

"मग हा पट खोटा आहे."

"छे, छे! अगदी खरा आहे. शपथेवर लिहून देतो."

"खरा असेल तर त्याहून वाईट, मिस्टर प्रुइट."

त्याला ते कळलं नाही. वर्लीनला कळलं, कारण तिने आजीची गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. कापसाच्या शेतात सकाळी कुणी दिसलं नाही, की मालकाचा माणूस घोड्यावरून थेट दारात यायचा, ओढून कामावर न्यायला. ओडेसा मंगळवारी जन्मली आणि बुधवारी तिची आई कापूस वेचायला उभी होती. त्यांच्या शेताची हजेरीसुद्धा अशीच भरलेली असणार.

तिने शेरा लिहिला, माल अडवून ठेवावा. हॉलिससाहेबांनी वाचून सही केली. "आईला सांगायला मी येऊ का सोबत?"

"नको. तुम्ही कशाला फुकट मरता?"

ओडेसा स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. वर्लीनने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चारशे बारा नावं, प्रुइटची शपथ, सगळं.

"काल हो म्हणाली होतीस," ओडेसा म्हणाली.

"चुकलं माझं."

ओडेसाने हात पुसले, आत गेली आणि दार लावून घेतलं. शनिवारभर ती एक शब्द बोलली नाही. वर्लीन घरभर येरझाऱ्या घालत राहिली. आपण बरोबर वागलो हे तिला ठाऊक होतं, पण त्याने जिवाला थंडावा मिळत नव्हता.

रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत मंडळी जुने, उन्हाने विटलेले झगे घालून उभी होती. डीकन ग्रेसनांच्या बाहीला ठिगळ होतं. आज त्यांनी वर्लीनला टोमणा मारला नाही, हे तिला जास्तच लागलं. ओडेसाने हजेरी घेतली आणि वर्लीनला जवळ बोलावलं.

"बत्तिसातले एकवीस. बाकीचे अकरा तुझ्यावर रुसून घरी बसलेत."

वर्लीनची मान खाली गेली. आजच्या दिवशी आईचं गाणं आपण अर्धं करून ठेवलं, एवढंच तिच्या मनात आलं.

ओडेसाने लाल पेन्सिल घेतली आणि एकेक नाव मोठ्याने वाचत अकरा फुल्या मारल्या. मग वही लेकीच्या डोळ्यांपुढे धरली.

"बघ नीट, पोरी. अकरा जण आले नाहीत. आणि एकाच्याही दारात घोडा गेला नाही."

वही वर्लीनच्या हातात देऊन ती काठी टेकत, एकवीस जणांना घेऊन, गायला निघाली.