चुलीच्या पोटातलं सोनं

वैशाख संतापला होता. निर्मेघ, निर्दय, धगधगत्या आभाळाखाली धरणाचे निळे पाणी मागे मागे सरत होते, आणि त्या सरत्या पाण्यातून बुडालेले बोरखळ पुन्हा वर येत होते. आधी खंडोबाच्या देवळाची पायरी आली. मग पाराचे दगड आले. मग घरांची जोती आली, आणि जोत्यांवर भेगाळलेला, करडा, कडकडीत वाळलेला गाळ.

त्या गाळात हौसाक्का उभी होती. डोईवर पदर, पायांखाली तिचेच जुने स्वयंपाकघर. आज्याने पुरलेला हंडा सापडेल या आशेने तिच्या दिराने, रंगरावाने, साताऱ्याहून टाकसाळे नावाच्या माणसाला यंत्रासकट बोलावले होते. खाली धातू असला की ते यंत्र ओरडायचे. खोल्या दाखवायला वहिनी हवी, म्हणून तिला आणले. तिला हंड्याशी काय देणेघेणे? ती आली होती ती पायरी बघायला.

त्या पायरीवर तिचा बाप खोटा ठरला होता.

हौसा तेव्हा नवी सून. थोरल्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला सासूने आपल्या सोन्याच्या पाटल्या तिच्या हातात घालायच्या, ही घरची रीत. संक्रांत तोंडावर आली आणि पाटल्या गेल्या. सासूने ऊर बडवून घेतला, बोट सुनेकडे केले. हौसाचा बाप सदबा अनवाणी चालत आला, पायरीवर उभा राहिला आणि साऱ्या गावादेखत त्याने बेलभंडार उचलला. लेकीने घेतले असेल तर देवाने मला बघून घ्यावे, म्हणाला. पुढच्या श्रावणात त्याला साप चावला.

खोटा बेलभंडार भोवला, असे गाव म्हणाले. सापाला कोणी दोष दिला नाही. सदबा खोटा, लेक चोरटी. आणि मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही. त्या घरात कोठीची किल्ली हौसाच्या हाती कधी आली नाही. तिने राग गिळला, रोज गिळला, चाळीस वर्षे गिळला, पण तो पचला नाही.

आणि आता यंत्र ओरडले.

ते ओरडले चुलीवर. चूल अर्धी विरघळलेली होती, अर्धी भाजून वीट झालेली. टाकसाळ्याने हलक्या हाताने मातीची पापडी काढली. चुलीच्या जाड कुशीतून, काजळलेल्या, करपलेल्या, काळ्याभोर मातीतून पिवळेधमक काहीतरी हसले. एक पाटली. मग दुसरी.

हौसाक्काला सगळे एकदम कळले. त्या घरात नवी चूल घालायची ती सासूनेच. सुनेने सारवावे, फुंकावे, भाजावे, भाजून घ्यावे. पण माती मळून चूल घालायचा मान मालकिणीचा. त्या संक्रांतीच्या तोंडावरच सासूने नवी चूल घातली होती. द्यायच्या नव्हत्या म्हणून पाटल्या मातीत लिंपल्या, आणि चोर बाहेर शोधला.

त्या चुलीवर हौसाने वर्षानुवर्षे भाकरी थापली. सोने दोन बोटांवर होते आणि ती चोर होती. तिनेच फुंकलेल्या जाळाने ती माती पक्की भाजली होती.

गाव उठले तेव्हा लोकांनी तुळया नेल्या, दारे नेली, जाती नेली, देवही नेला. चूल मात्र मोडायची नसते, म्हणून सासऱ्याने तिला कोणाला हात लावू दिला नाही. सासू चुलीला कवटाळून रडली होती. केवढी माया, असे लोक म्हणाले. आणि तिचे डोळे हौसाने पुसले होते, आपल्या पदराने.

रंगरावाने पाटल्या धोतराला पुसल्या. "झालं गेलं गंगेला मिळालं, वैनी. म्हातारी बी गेली. घाला हातात, तुमच्याच हायती."

पाटल्या नवरीच्या मापाच्या होत्या. हौसाक्काच्या हाताची हाडे कधीच रुंद झाली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. भाजक्या मातीचे एक ढेकूळ उचलले, दिराचे मनगट धरले आणि त्याला ओढत पायरीवर नेऊन उभे केले.

"उचल बेलभंडार," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने दिराला अरे-तुरे केले.

देव तरी कुठे आहे इथे, रंगराव पुटपुटला. तो तर नव्या गावात नेला.

"देव नेला गावानं. पायरी हाय."

मग तिने ते ढेकूळ त्याच्या तळहातावर ठेवले. भंडारा नव्हता; ही माती पुरेशी होती. रंगराव खाली मान घालून काहीतरी बोलला.

"मोठ्यानं."

"सदबा खरा हुता," रंगराव ओरडला. पलीकडच्या डोंगराने ते पुन्हा म्हटले. उन्हाने, गाळाने, सरत्या पाण्याने ते ऐकले. ऐकायला हवे होते ते गाव मात्र तिथे नव्हते.

"आता हेच नव्या गावात," हौसाक्का म्हणाली. ढेकूळ पदरात बांधून ती पुढे निघाली. मागून रंगराव, मुठीत पाटल्या. त्याच्या बाजूने टाकसाळे, हातात यंत्र. ते बंद करायचे तो विसरला होता, आणि चढणीवर, तापल्या वाटेवर, पावला-पावलाला ते यंत्र रंगरावाच्या मुठीकडे तोंड करून ओरडत राहिले.