निरोप ऐकूनही गप्प बसलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, पण माझ्याकडून उबेची अपेक्षा ठेवू नका. माझ्या पाठीवर पाच बारीक तारा आहेत आणि मनगटापाशी आगपेटीएवढी मोटर आहे. सध्या माझा मुक्काम एका विभागीय आरोग्य संस्थेच्या दर्शनी दालनात, काचेच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. इथे बसून बसून माझा स्वभाव कडवट झाला आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोड गोष्ट ऐकायची असेल तर समोरच्या पाण्याच्या कूलरला विचारा. त्याला दिवसातून शंभर माणसे हात लावतात.

माझा जन्म याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मेंदूचा अभ्यास करणाऱ्या विभागात झाला. मला घडवणाऱ्या इंजिनिअरच्या खिशात सदैव पक्कड असे, म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणत. माझ्या आधी त्याने चार हातमोजे बनवले आणि चारही केराच्या टोपलीत गेले. मी पाचवा. पहिल्यांदा माझी बोटे आपोआप उघडली तेव्हा पक्कड खुर्चीवरून उठला आणि त्याने माझ्याशी हस्तांदोलन केले. माझे एवढे लाड नंतर कोणी केले नाहीत.

माझे काम समजून घ्या. मेंदूला झटका आला की काही माणसांची मूठ मिटते आणि काही केल्या उघडत नाही. अशा रुग्णाच्या डोक्यावर तारांची एक टोपी बसवायची आणि हातात मला घालायचे. ‘हात उघड’ असा विचार रुग्णाने केला की टोपी तो ओळखते, मला निरोप पाठवते आणि मी त्याच क्षणी बोटे उघडतो. विचार आणि हालचाल अशी पुन्हा पुन्हा एकत्र घडली की मेंदूला हरवलेली वाट सापडेल, अशी विभागाची आशा होती.

आशा खरी की खोटी, हे पाहायला चाचणी सुरू झाली. निम्म्या रुग्णांना खरा उपचार आणि निम्म्यांना नुसता दिखाव्याचा. दिखाव्याच्या गटात मी निरोपाकडे लक्ष द्यायचे नाही, संगणक सांगेल तेव्हा, भलत्याच वेळी बोटे हलवायची. कोण कुठल्या गटात आहे हे रुग्णाला ठाऊक नसे आणि व्यायाम घेणाऱ्या बाईंनाही नसे. ते फक्त संगणकाला आणि मला ठाऊक. ही पद्धत वाईट नाही, हे मला मान्य आहे. त्याशिवाय उपचाराचा खरा गुण कळत नाही. शिवाय रुग्णांनी सही केलेल्या फॉर्मवर लिहिले होते की, चाचणी संपल्यावर दुसऱ्या गटालाही खरा उपचार मिळेल.

त्या फॉर्मवर डाव्या हाताने वाकडीतिकडी सही करून काकू आल्या. काकू शिवणकाम करायच्या. झटका येऊन चार महिने झाले होते. उजवी मूठ अशी घट्ट मिटलेली, की नखे तळव्यात रुतायची. कात्री धरता येत नव्हती. शिवणाचे यंत्र चादरीखाली झाकून ठेवले होते. सोबत त्यांची धाकटी जाऊ यायची, आणि तिची जीभ काही स्वस्थ बसायची नाही.

“जाऊबाई, घरी भांडताना हीच मूठ कशी टेबलावर आपटता! इथं काय झालं तिला?”

“गप गं. मोजा ऐकतोय.”

मी ऐकतच होतो. पहिल्या दिवशी त्यांच्या डोक्यातून निरोप आला तो इतका स्वच्छ, की तसा मी कोणाचाच ऐकला नव्हता. उघड. उघड बाबा. पण काकू दुसऱ्या गटात होत्या. मी गप्प बसलो. त्या थकून विचार करायच्या थांबल्या आणि मग मी बोटे उघडली. “अगोबाई, उघडली!” म्हणून जाऊने टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, “शाब्बास काकू, जमतंय.” मला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू.

असे बारा आठवडे चालले. सातव्या आठवड्यात माझ्या अंगठ्याचा पट्टा उसवला. नवा पट्टा यायला महिना लागणार होता आणि तोवर सगळ्यांच्या उपचारात खंड पडला असता. पक्कड डोक्याला हात लावून बसला. काकू म्हणाल्या, “द्या इकडे. एक हात आहे ना अजून.” जाऊने सुई ओवून दिली. पिशवीत निळाच दोरा होता. काकूंनी मला मांडीवर घेऊन मिटल्या मुठीखाली दाबून धरले आणि डाव्या हाताने अठरा टाके घातले. पाऊण तास लागला. दोनदा सुई बोटात गेली, पण टाका कुठे ढिला पडला नाही.

चाचणी संपली आणि निकाल चांगला आला. खऱ्या गटातल्या बऱ्याच जणांच्या मुठी थोड्याफार उघडू लागल्या होत्या. मग गटांची यादी जाहीर झाली. ती वाचताना व्यायामाच्या बाई काकूंच्या नावापाशी थांबल्या. “बारा आठवडे मी काकूंना शाब्बास म्हणत होते,” एवढेच त्या बोलल्या. मग त्या थेट संस्थेच्या प्रमुखांकडे, मोठ्या सरांकडे गेल्या. मी त्यांच्या हातातच होतो.

“सर, काकूंचा उपचार उद्यापासूनच सुरू करू या. जितका उशीर, तितकं कठीण होईल. आपण शब्द दिलाय.”

“फॉर्म नीट वाचा. ‘शक्य झाल्यास’ असं लिहिलंय.”

“मग शक्य आहे की! मोजा आहे, टोपी आहे, मी आहे.”

“आणि मोजा बिघडला तर? पुढच्या महिन्यात पाहुणे येतायत. त्यांना काय दाखवू, फॉर्म?”

त्यानंतर बाईंची दुसऱ्या विभागात बदली झाली, टोपी खोक्यात गेली आणि मी काचेत आलो. माझ्या शेजारी एक फोटो आहे. त्यात मोठ्या सरांनी मला हातात घातले आहे. त्यांच्या हाताला कधी काहीही झालेले नव्हते. पाहुणे आले तेव्हा सरांनी निळ्या शिवणीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “पाहा, आमच्या इंजिनिअरची कारागिरी!” पक्कड मागेच उभा होता. त्याने मान खाली घातली. तोही माझ्यासारखाच गप्प बसला.

काकूंनी वर्षभर फोन केले. दर वेळी उत्तर एकच, “कळवू.” शेवटी एका दुपारी दोघी जावा स्वतःच आल्या. काकू माझ्यासमोर उभ्या राहिल्या. उजवी मूठ तशीच होती. नखे रुतू नयेत म्हणून तीत कापडाची घडी कोंबलेली होती. दारावरचा पहारेकरी म्हणाला, “बाई, काचेला हात लावू नका.”

काकू वाकून निळ्या दोऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. “बघ गं,” त्या म्हणाल्या, “एक टाका उसवला नाही.” आणि त्या गेल्या. ‘शब्द आम्ही मोडला, माफ करा,’ हे मोठ्या सरांनी त्यांना सांगायला हवे होते, ते कोणीच सांगितले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा. मी उलट सांगतो. मला जपू नका. मी झिजलो तरी चालेल, वापरताना तुटलो तरी चालेल. तुमच्यातले कोणी शिकून या संस्थेत आले, तर माझी काच पुसत बसू नका. कुलूप काढा आणि टोपी शोधा, ती तिसऱ्या मजल्यावर खोक्यात आहे. मग आधी काकूंना बोलवा. त्यांचा निरोप मला पाठ आहे. या वेळी मी उशीर करणार नाही.